थांब्याचे वाचन

वेळेविषयी बोलताना मराठी माणूस जी क्रियापदे वापरतो ती एकदा ओळीने मांडून पाहावीत. आपण वेळ घालवतो, काढतो, दवडतो, मारून नेतो आणि क्वचित सत्कारणी लावतो. ह्यांतल्या बहुतेक क्रियापदांत वेळ ही नकोशी झालेली वस्तू आहे आणि ती कुठेतरी टाकून मोकळे व्हायचे आहे. 'सदुपयोग' हा शब्द तर थेट शाळेच्या निबंधवहीतून येतो. 'सुट्टीचा सदुपयोग' ह्या विषयावर प्रत्येकाने कधी ना कधी दीड पान लिहिलेले असते, आणि त्या शब्दाला तेव्हापासून जमाखर्चाचा वास आहे. ह्या सर्वांहून निराळा असा एकच प्रयोग आमच्या लक्षात येतो, तो म्हणजे 'वाट पाहणे'. त्यात काळाचा उल्लेखच नाही. एक रस्ता आहे आणि त्या रस्त्याकडे लागलेले डोळे आहेत. थांबणे ही मुळात पाहण्याची क्रिया आहे, अशी काहीशी समजूत भाषेने ह्या दोन शब्दांत जपून ठेवली असावी. लांब पल्ल्याच्या विमानप्रवासात अधेमधे पदरी पडणाऱ्या दीर्घ 'लेओव्हर'चे काय करावे, ह्या साध्या व्यावहारिक प्रश्नाकडे आम्हांला ह्याच शब्दांच्या अंगाने जावेसे वाटते.

मुक्काम हा प्रवासाचा खंड आहे की प्रवासाचा भाग, ह्याचे उत्तर आपल्या परंपरेने फार पूर्वी दिलेले आहे. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या पालखीचे विसावे आणि मुक्काम ठरलेले असतात, त्यांना गावांची नावे असतात आणि प्रत्येक तळावर समाजआरती होते. चालणे जितके वारीचे, तितकेच थांबणेही वारीचे. आपल्या प्रवासलेखनाचेही तसेच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेतल्या यज्ञाच्या दक्षिणेची आशा धरून निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ साली छापून आले. त्यातली जी पाने विद्यार्थ्यांच्या मनात कायमची राहतात ती चालण्याची नाहीत. वेढा पडलेल्या झाशीत अडकून राहिलेल्या माणसाची ती पाने आहेत. भटजींना पुढे जाता आले असते तर कदाचित दक्षिणा मिळाली असती, पुस्तक मात्र मिळाले नसते.

आजचा लेओव्हर ह्या दोन्हींपेक्षा वेगळा आहे हे कबूल केले पाहिजे. त्यात पालखीची पूर्वयोजना नाही आणि वेढ्याचे भयही नाही. तिकीट स्वस्त पडावे म्हणून आपण तो स्वखुशीने विकत घेतो आणि घेतल्या क्षणापासून त्याच्यावर चिडतो. शिवाय तो कुठल्या गावी घ्यायचा हे आपण ठरवत नाही. विमान कंपन्यांचे मार्ग एखाद्या केंद्राभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे गुंफलेले असतात, आणि त्या चाकाचा तुंबा जिथे असेल तिथे आपण उतरतो. दोहा, दुबई, इस्तंबूल, फ्रँकफर्ट, सिंगापूर ही शहरे अनेकांच्या प्रवासात अशी, न मागता येतात.

आमच्या वाट्याला सिंगापूर आले. मुंबईहून मेलबर्नला जाताना सकाळी आठच्या सुमारास चांगी विमानतळावर उतरायचे आणि रात्री नऊला पुढचे विमान धरायचे, म्हणजे मध्ये तेरा तास. तेरा तासांचे तेरा तास कधीच मिळत नाहीत. विमानातून बाहेर पडून प्रवेशतपासणी ओलांडण्याला एक तास धरावा, परतल्यावर उड्डाणापूर्वी निदान तीन तास हाताशी ठेवावेत, आणि वाहतूक, पाऊस, चुकलेले वळण ह्यांच्या नावे आणखी एक तास बाजूला काढावा. उरले आठ. सामान परस्पर अंतिम मुक्कामाला जाणार आहे ना, हे मुंबईलाच विचारून घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे पारपत्राचे. भारतीय नागरिकाला विमानतळाबाहेर पाऊल टाकायचे तर सिंगापूरचा व्हिसा लागतो. काही मोजक्या देशांचा व्हिसा जवळ असणाऱ्यांना, अटी पुऱ्या होत असतील तर, ९६ तासांपर्यंत त्याशिवायही प्रवेश मिळू शकतो. पण नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ते पाहून घेणे शहाणपणाचे. आम्ही व्हिसा आधीच काढून ठेवला होता. एकाच विमानातून उतरलेल्या माणसांत पारपत्राच्या रंगाप्रमाणे तेरा तासांची लांबी बदलते, ही गोष्ट तिथल्या रांगेत उभे राहिल्यावर फार स्पष्ट कळते. कुणासाठी ते एक शहर असते, कुणासाठी एक इमारत.

ती इमारत मात्र मोठी मनोवेधक आहे. गालिचा अंथरलेली दालने, कॅक्टसची बाग, सूर्यफुलांची बाग, फुलपाखरांचे दालन, फुकट चालणारे चित्रपटगृह. २०१९ साली विमानतळाला जोडून उघडलेल्या 'ज्यूएल' ह्या काचेच्या घुमटात तर चाळीस मीटर उंचीवरून कोसळणारा धबधबा आहे. मोशे साफ्दी ह्या वास्तुकाराची ती रचना. गंमत अशी की हा घुमट प्रवेशतपासणीच्या पलीकडे आहे, म्हणून व्हिसा नसलेल्याला तिथे जाता येत नाही. पण टर्मिनलांना जोडणारी छोटी गाडी त्या घुमटाच्या पोटातून जाते आणि काही क्षण काचेपलीकडचा धबधबा सर्वांना दिसतो. दिसतो आणि मागे पडतो.

मार्क ओजे ह्या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने १९९२ सालच्या आपल्या पुस्तकात विमानतळ, महामार्ग, महाबाजार अशा ठिकाणांना 'अ-स्थळ' म्हटले होते. ज्या जागेला इतिहास नाही, नाती नाहीत आणि जिथे माणसाची ओळख त्याच्या तिकिटापुरती असते, ती जागा स्थळ म्हणवून घेण्यास पात्र नाही, असा त्याचा ढोबळ आशय. वर्गात शिकवायला ही संकल्पना फार सोयीची आहे आणि आम्हीही ती शिकवली आहे. विमानतळावरची भाषा पाहिली तर ती पटतेही. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. पाट्या बोलतात, बाण बोलतात, ध्वनिक्षेपक बोलतो. पण चांगीला उतरण्यापूर्वीच ह्या संकल्पनेविषयी आमच्या मनात एक शंका होती. जागेला इतिहास नसतो, की तो आपल्या नजरेआड ठेवलेला असतो? पाटीवर 'चांगी' हे नाव तर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. ते नाव वाचले जात नाही, एवढेच.

तेव्हा आम्ही ठरवले ते असे की उरलेल्या आठ तासांत सिंगापूर शहर 'करायचे' नाही. आमच्यात ह्यावर दोन मते होती. आठ तासांत शहरातली संग्रहालये आणि लिटल इंडिया सहज पाहून होतील असे एक मत. ज्या गावाच्या जमिनीवर आपण उतरलो ते गाव सोडून दूर कशाला जायचे, असे दुसरे. दुसरे मत अखेर टिकले, कारण त्यात चालणे कमी होते.

चांगी हे सिंगापूर बेटाचे पूर्व टोक. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांनी सिंगापुरात जपानी सैन्यापुढे शरणागती पत्करली आणि त्यानंतर सुमारे पन्नास हजार ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन सैनिक चालत ह्या टोकाकडे नेण्यात आले. तिथल्या लष्करी बराकी त्यांची छावणी झाली. जवळच १९३६ सालचा चांगी तुरुंग होता. सुमारे सहाशे कैद्यांसाठी बांधलेल्या त्या तुरुंगात तीन हजारांच्या आसपास नागरी कैदी कोंबले गेले, आणि त्यांत स्त्रिया व मुलेही होती. १९४३-४४ मध्ये जपान्यांनी युद्धकैद्यांना राबवून इथे धावपट्टी तयार करून घेतली. युद्धानंतर त्या जागी ब्रिटिश हवाईदलाचा तळ झाला, आणि त्याच तळाच्या परिसरातून पुढे १९८१ साली आजचा विमानतळ उभा राहिला. ज्या जमिनीवर आमचे विमान अलगद टेकले तिची पहिली सपाटी उपाशी माणसांनी केलेली होती. ओजेच्या 'अ-स्थळा'ला ह्याहून निःशब्द उत्तर कोणते असेल!

तुरुंगाची जुनी इमारत २००४ साली बहुतांशी पाडली गेली. प्रवेशद्वार, भिंतीचा एक भाग आणि दोन मनोरे राखले आहेत आणि २०१६ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. त्याच परिसरात चांगीचे प्रार्थनाघर आणि संग्रहालय आहे. १९८८ साली सुरू झालेले हे संग्रहालय २००१ मध्ये आजच्या जागी आले आणि २०२१ मध्ये नव्या मांडणीसह पुन्हा उघडले. विमानतळावरून टॅक्सीने फार वेळ लागत नाही. साडेनऊनंतर थोड्याच वेळात आम्ही दाराशी होतो.

संग्रहालय लहान आहे. तोफा, गणवेश, पदके ह्यांची गर्दी तिथे नाही, आणि साहित्याच्या वाचकाला ते जवळचे वाटते ते ह्यामुळे. तिथल्या बहुतेक वस्तू कोणीतरी कोणाला तरी काही सांगण्यासाठी केलेल्या आहेत. काडेपेटीत लपवलेले मोर्स संकेतांचे साधन आहे. आर्थर वेस्ट्रॉप नावाच्या नागरी कैद्याची सुमारे चारशे पानांची रोजनिशी आहे. ती त्याने पत्नीला पत्रे लिहावीत तशी लिहिली. टपाल नाही, पत्ता असून नसल्यासारखा, आणि तरीही वाक्य कोणाला तरी उद्देशून. रोजनिशी हा वाङ्मयप्रकार स्वतःशी बोलण्याचा आहे असे आपण वर्गात सांगतो. माणसाला एकांत सोसेनासा झाला की तो प्रकार पत्राकडे झुकतो, हे त्या काचेसमोर उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट गोधड्यांची. १९४२ साली स्त्री-कैद्यांनी एथेल मुल्व्हनी ह्या कॅनडियन बाईंच्या पुढाकाराने तीन गोधड्या केल्या. प्रत्येकीने सहा इंची चौकोनी तुकड्यावर आपले नाव आणि मनाला येईल ते चित्र भरायचे, आणि असे ६६ तुकडे जोडून एक गोधडी करायची. पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या कोठड्यांत, भेटीला बंदी. गोधड्या सैनिकांच्या रुग्णालयात पोचल्या की तिथल्या नवऱ्यांना तुकड्यावरचे नाव वाचून कळावे की ती जिवंत आहे, असा हेतू. मूळ गोधड्यांपैकी दोन आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत आणि एक ब्रिटिश रेडक्रॉसकडे. चांगीला प्रतिकृती पाहायला मिळते. फुलांचे, घरांचे, जहाजांचे टाके घातलेले ते चौकोन पाहताना आपल्याकडच्या गोधड्या आठवल्यावाचून राहत नाहीत. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडणाऱ्या आज्यांनीही त्यात काही निरोप शिवून ठेवलेले असतील, वाचणारे कोणी नव्हते एवढेच. ह्याच मुल्व्हनीबाईंनी उपाशी स्त्रियांना एकत्र बसवून काल्पनिक जेवणांचे बेत करायला लावले आणि त्या पाककृती लिहून काढल्या. युद्धानंतर त्यांचे पुस्तक छापले गेले आणि त्याच्या विक्रीचे पैसे माजी युद्धकैद्यांच्या मदतीला गेले. भुकेने लिहिलेले पाकशास्त्र जगात फार नसेल.

सैनिकांच्या छावणीत पहिल्या काही महिन्यांत चक्क एक विद्यापीठ चालले. शिकवणारेही कैदी, शिकणारेही कैदी. कामाच्या तुकड्या बाहेर जाऊ लागल्या तसे ते मोडले. आणि स्टॅन्ली वॉरेन हा आजारी सैनिक, ज्याने छावणीच्या रुग्णालयातल्या प्रार्थनागृहात भिंतींवर पाच चित्रे काढली. रंग मिळेल तिथून आणलेले. निळा तर बिलियर्डच्या खडूचा. त्यातले ख्रिस्तजन्माचे चित्र १९४२च्या नाताळापर्यंत पुरे झाले. पुढे ती भिंत चुन्याखाली गेली. १९५८ साली चित्रे पुन्हा सापडली तेव्हा चित्रकार लंडनमध्ये शाळेत चित्रकला शिकवत होता. चित्रे दुरुस्त करायला परत येण्याची त्याची तयारी नव्हती. अखेर तो आला, १९६३ साली, मग १९८२ आणि १९८८ मध्येही. मूळ चित्रे हवाईदलाच्या हद्दीत आहेत आणि संग्रहालयात त्यांच्या प्रतिकृती आहेत. जिथे आपण मरता मरता वाचलो ती भिंत पुन्हा रंगवायला जाणाऱ्या त्या शिक्षकाच्या मनात काय असेल, ह्याचा विचार आमच्यातल्या एकाला रात्री विमानातही सुटला नाही.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःलाच घेतला, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. दुसऱ्या माणसांची साडेतीन वर्षांची कैद ही आपल्या तेरा तासांची सोय आहे काय? फुलपाखरांच्या दालनाला पर्याय म्हणून युद्धकैद्यांचे संग्रहालय निवडणे, आणि वर त्याला सदुपयोग म्हणणे, ह्यात एक बारीक निर्दयता नाही काय? दोन थांब्यांत काहीच साम्य नाही. आमच्या पुढे फलक होता. त्यावर विमानाचा क्रमांक, दार आणि वेळ लिहिलेली होती. त्यांच्यापुढे फलक नव्हता. १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात बेकेटचे 'वेटिंग फॉर गोदो' सादर झाले तेव्हा जे नाटक चोखंदळ प्रेक्षकांना दुर्बोध वाटत होते ते कैद्यांना सहज कळले, ही हकीकत नाटकाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्याचे कारण हेच, की फलकाशिवाय थांबणे म्हणजे काय हे त्यांना माहीत होते.

बराच वेळ बोलून आम्ही ज्या निष्कर्षावर आलो तो असा. त्यांच्या थांबण्याशी आपल्या थांबण्याची तुलना करण्यात अर्थ नाही, पण त्यांनी केलेल्या वस्तू तुलनेसाठी केलेल्याच नव्हत्या. त्या वाचल्या जाव्यात म्हणून केल्या होत्या. तुकड्यावर नाव भरणाऱ्या बाईला वाचक हवा होता. तो मिळायला उशीर झाला असेल, तो चुकीचा असेल, घाईत असेल आणि त्याच्या खिशात रात्री नऊचे तिकीट असेल, तरी वाचणे न वाचण्यापेक्षा बरे. अट एकच, की वाचून झाल्यावर आपण काही मिळवले असा आव आणू नये.

आणि वाचायचे तर सोयीचे तेवढेच वाचून चालत नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये युद्धकैद्यांनी 'पळून जाणार नाही' अशा प्रतिज्ञापत्रावर सह्या करायला नकार दिला. तेव्हा पंधरा हजारांहून अधिक माणसांना सेलारांग बराकीच्या चौकात दाटीवाटीने कोंडून ठेवले गेले, आणि त्याच वेळी पळताना पकडलेल्या चार कैद्यांना चांगीच्या किनाऱ्यावर गोळ्या घालण्यात आल्या. त्या गोळ्या झाडणारे पहारेकरी हिंदी होते. आझाद हिंद सेनेत दाखल झालेले सैनिक होते. १७ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूरच्या फॅरर पार्क मैदानावर हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या हवाली झाले आणि त्यांतून मोहनसिंगांची पहिली आझाद हिंद सेना उभी राहिली, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. १९४३ साली नेताजींनी ह्याच शहरात हंगामी सरकारची घोषणा केली, हेही सांगतो. त्या अभिमानाला आमच्या मनात आजही बाधा नाही. पण पाठ्यपुस्तकाच्या त्याच पानावर, समासात का होईना, चांगीच्या किनाऱ्यावरचे हे चार जण असायला हवेत असे आता वाटते. वसाहतीचे जोखड फेकणारा हातही कधीकधी दुसऱ्याच्या हुकमावरून चाप ओढतो. साहित्याच्या वर्गात आपण ज्याला गुंतागुंत म्हणतो ती हीच.

दुपारी आम्ही चांगी व्हिलेजमधल्या खाद्यपदार्थांच्या गाळ्यांत बसून नारळाच्या दुधात शिजवलेला भात खाल्ला, तिथला 'नासी लेमाक', आणि तिथून किनाऱ्यावर गेलो. तिथे एक साधा स्मृतिफलक आहे. २० फेब्रुवारी १९४२ रोजी ह्या वाळूवर पाण्याच्या कडेला ६६ चिनी पुरुषांना जपानी लष्करी पोलिसांच्या तुकडीने गोळ्या घालून मारले, असे तो सांगतो. गोधडीचे तुकडेही ६६ होते. हा योगायोग आहे आणि त्यात अर्थ शोधू नये, पण दोन्ही आकडे एकाच दिवशी वाचल्यावर ते मनात शेजारी शेजारी बसतात. गोधडीवर नावे आहेत, फलकावर संख्या आहे. ह्याच चांगीतून हजारो युद्धकैदी सयाम-ब्रह्मदेश रेल्वे बांधायला पाठवले गेले. त्या रेल्वेवर मलायातल्या मळ्यांतून नेलेले हजारो तमिळ मजूरही राबले आणि युद्धकैद्यांपेक्षा आशियाई मजूर कितीतरी अधिक संख्येने मेले. युद्धकैद्यांच्या रोजनिश्या ग्रंथालयांत आहेत. मजुरांचे कागद जवळपास नाहीत, कारण त्यांच्यापाशी पेन्सिल नव्हती आणि बहुतेकांना अक्षरही नव्हते. थांबण्याचे साहित्य होते ते ज्याच्यापाशी कागद असतो त्याचे. आपण जो ग्रंथव्यवहार शिकवतो त्याच्या तळाशी ही विषमता आहे, आणि ती कोणत्याही सिद्धान्तापेक्षा त्या किनाऱ्यावर अधिक बोचते. डोक्यावरून दर काही मिनिटांनी विमान जात होते, इतके खालून की शेपटीवरची चित्रे ओळखू यावीत.

पाचच्या आत आम्ही विमानतळावर परतलो. चार तास उरले होते आणि आता ते लांब वाटत नव्हते. पाय दुखत होते, म्हणून एका बागेच्या कडेला बसून राहिलो. गालिचा साफ करणारा एक माणूस यंत्र ढकलत आमच्यासमोरून दोनदा गेला. शेजारच्या बाकांवर तमिळ आणि बंगाली बोलणारे काही तरुण आपापल्या पिशव्या उशाला घेऊन झोपले होते. ते कुठून कुठे चालले आहेत हे आम्ही विचारले नाही. त्यांच्या झोपेत व्यत्यय आणणे हा नक्कीच सदुपयोग नव्हता. दिवसभरात पाहिलेले वहीत टिपून ठेवले, तारखा पुन्हा ताडून पाहिल्या आणि वेळ झाल्यावर उठलो.

विद्यार्थी विचारतात म्हणून चार गोष्टी येथे नोंदवतो. पाच तासांहून कमी थांबा असेल तर बाहेर पडू नये. झोप आणि चालणे पुरे. त्याहून अधिक असेल तर शहराची यादी करण्यापेक्षा एक जागा निवडावी, आणि शक्यतो विमानतळाच्या जवळची. निघण्यापूर्वी त्या विमानतळाच्या नावाचा शोध घ्यावा, कारण नाव हे बहुधा तिथे पूर्वी असलेल्या गावाचे, पाण्याचे किंवा माणसाचे असते. ॲमस्टरडॅमचे स्खिपोल हे एकोणिसाव्या शतकात उपसून कोरड्या केलेल्या एका विस्तीर्ण सरोवराच्या तळावर, समुद्रसपाटीच्या खाली आहे. बाहेर पडणे शक्य नसले तरी हे एवढे कळले की खिडकीतून दिसणारी सपाट जमीन निराळी दिसू लागते. ह्याला व्हिसा लागत नाही. आणि जवळ एक वही असू द्यावी.

आपल्याकडच्या नावांचेही असेच वाचन करता येईल. सहार, लोहगाव, दाभोळी, मोपा ही आधी गावे होती, मग विमानतळ झाले. काही नावे मोठ्या नावांच्या सावलीत गेली, पण जुनी माणसे अजून 'सहारला सोडायला जातो' असेच म्हणतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचे पात्र वळवले आणि चिंचपाडा, कोंबडभुजे, तरघर, वाघिवली अशी गावे उठवून दुसरीकडे बसवली. त्या गावांत शेतकरी होते, कोळी होते, घरे आणि देवळे होती. उद्या एखादा परदेशी प्रवासी, आमच्यासारखाच स्वस्त तिकिटाचा, तिथे दहा-बारा तास अडकेल आणि त्याला कुतूहल वाटेल की ह्या जमिनीवर आधी काय होते. त्याच्या हाती आपण काय देणार आहोत? त्या गावांच्या आठवणी सांगणारी माणसे आज हयात आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला विमान लागत नाही, लोकल पुरते. मराठीच्या प्रत्येक विभागात दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत हिंडणारे विद्यार्थी असतात. वाट पाहण्याचे काम आता त्या गावांतले लोक करीत आहेत, आणि कागद ह्या खेपेस आपल्यापाशी आहे.